सर हम्फ्री आणि आमच्या बाबांचा इन्स्पेक्टर

परवा दुपारी स्टुडिओत दीड तास हातावर हात ठेवून बसलो होतो. मी अंधेरीला एका डबिंग स्टुडिओत रेकॉर्डिस्ट आहे, आणि जिचं काम होतं ती आर्टिस्ट लिंक रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलेली, "दहा मिनिटांत पोचते" असे तिचे तीन मेसेज येऊन गेलेले, आता मुंबईतली दहा मिनिटं म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगू. तर टाइमपास म्हणून 'येस मिनिस्टर' या ब्रिटिश विनोदी मालिकेचा एक सीन लावला, त्यात सर हम्फ्री नावाचा सचिव लांबलचक वाक्यांनी आपल्या मंत्र्याला गुंडाळत असतो, आणि आमच्या असिस्टंटला म्हटलं, घे माइक, हा सर हम्फ्री मराठीत करून दाखव. पोरगा हुशार आहे, कार्टून बिर्टून मस्त करतो, पण इथे तिसऱ्या टेकलाच त्याचा दम गेला. खरोखरचा दम. ते वाक्य संपतच नाही हो.

"सर, हा श्वास कधी घेतो?"

मग पुन्हा ऐकलं, हेडफोन लावून. श्वास आहे, पण आपण जिथे घेऊ तिथे नाही. आपण वाक्य संपलं की घेतो आणि तेवढ्यात समोरचा तोंड घालतो. मला तरी असं ऐकू आलं की हा बाबा पुढच्या वाक्याचे दोन शब्द आधी टाकतो आणि मग गुपचूप श्वास घेतो, त्यामुळे मंत्र्याला मध्ये शिरायला फटच मिळत नाही. इतकी वर्षं लोकांचे श्वास एडिट करण्यात गेली माझी, पण असा चोरटा श्वास कमी बघितलाय.

आता तंत्र कळलं तरी मजकूर कुठून आणायचा. ते असलं गोल गोल मराठी आम्हाला दोघांनाही येईना. म्हणून बाबांना फोन लावला, स्पीकरवर. बाबा ८१ वर्षांचे आहेत, ३४ वर्षं फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत होते, कुठल्या ते राहू दे. म्हटलं, बाबा, साहेबाला 'हे काम होणार नाही' असं सांगायचंय, पण 'नाही' हा शब्द वापरायचा नाही. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग एका दमात आलं:

"सदर प्रकरणी उपलब्ध अभिलेखांच्या अनुषंगाने व संबंधित विभागांचे अभिप्राय प्राप्त होण्याच्या अधीन राहून, आवश्यक ती कार्यवाही यथावकाश करण्याबाबत विचार करणे उचित होईल किंवा कसे, याबाबत आदेशार्थ सादर."

असिस्टंट तोंड उघडं टाकून बघतोय. "काका, म्हणजे काम होणार की नाही?"

"तेच तर," बाबा म्हणाले, आणि चहा आला म्हणून फोन ठेवून दिला.

तर आजचं हे सगळं नायजेल हॉथॉर्नबद्दल आहे. सर हम्फ्री ॲपलबी झालेला नट. त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली, पण आमच्या घरात तो अजून आहे, म्हणजे त्याचं नाव असं घरातल्या माणसासारखं निघतं.

लहानपणी आम्ही वांद्रे पूर्वेला सरकारी वसाहतीत राहायचो आणि 'येस मिनिस्टर' दूरदर्शनवर लागायचं. मला इंग्रजी यथातथाच, त्या वेगाचं तर अजिबातच नाही, मी बाबा हसले की हसायचो. आणि बाबा भलत्याच ठिकाणी हसायचे. टीव्हीतले प्रेक्षक हसून गप्प झाले की मग बाबांचं सुरू व्हायचं, कारण प्रेक्षक वाक्याला हसायचे आणि बाबा त्यानंतर हम्फ्रीने जो चेहरा केलेला असायचा त्याला. एक एपिसोड आहे, त्यात एक नवं कोरं हॉस्पिटल आहे, ॲडमिनिस्ट्रेशनचा आणि बाकीचा मिळून ५०० लोकांचा स्टाफ, सगळे दिवसभर कामात बुडालेले, आणि पेशंट एकही नाही. आई म्हणाली, काहीतरी दाखवतात, असं कुठे असतं का. बाबा हसायचे थांबले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "असतं."

पण मला आयुष्यभर लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. बाबा म्हणाले होते, हा बोलतो ते सोड, हा उभा कसा राहतो ते बघ. साहेबाच्या मागे अर्धं पाऊल. पुढे गेलास तर उद्धट, बरोबरीने चाललास तर साहेबाला खपत नाही, आणि दोन पावलं मागे राहिलास तर साहेब कोणाला काय कबूल करून बसतोय ते ऐकू येत नाही. अर्धं पाऊल. हे याला कोणी शिकवलं? हा नक्की कुठल्यातरी ऑफिसात होता.

ऑफिसात नव्हता तो. पुढे मी त्याच्याबद्दल वाचत गेलो तेव्हा कळलं की हे अर्धं पाऊल आलं कुठून ते.

हॉथॉर्न जन्मला १९२९ मध्ये इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला, पण वाढला दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनला. वडील डॉक्टर. १९५१ साली नट व्हायला लंडनला आला, जमलं नाही, काही वर्षांनी परत केपटाउन. साठच्या दशकात पुन्हा लंडन. आपल्याकडे लोक गावाहून मुंबईला येतात, वर्ष दोन वर्षं आराम नगरच्या गल्ल्यांमध्ये ऑडिशनच्या रांगा लावतात आणि मग गपचूप परत जातात, त्यातले थोडे पुन्हा येतात, हा त्या थोड्यांमधला. जोन लिटलवूड नावाची एक जबरदस्त दिग्दर्शिका होती, तिच्या थिएटर वर्कशॉपमध्ये त्याने काम केलं. रंगभूमीवर काम मिळत होतं. पण कॅमेऱ्यासमोर? १९६९ मध्ये 'डॅड्स आर्मी'च्या एका एपिसोडमध्ये त्याचा रोल आहे, आणि त्या पात्राला नाव नाही, नुसता 'रागावलेला माणूस'. वय ४०. तीन वर्षांनी 'यंग विन्स्टन' सिनेमा, त्यात काय, तर बोअर पहारेकरी. आफ्रिकेतून पळून लंडनला आला आणि लंडनच्या सिनेमात त्याला आफ्रिकेतला पहारेकरी केला. हे वाचून मी एकटाच हसलो होतो ट्रेनमध्ये, समोरचे काका बघायला लागले.

मग टीव्हीवर छोटीमोठी कामं, 'एडवर्ड अँड मिसेस सिम्पसन'मध्ये राजाचा सल्लागार वॉल्टर मॉन्कटन, एका कार्टून सिनेमात चक्क सशाचा आवाज. म्हणजे बघा, पहारेकरी, सल्लागार, जो कोणी मुख्य माणूस असेल त्याच्या बाजूला किंवा मागे उभा. आपल्याकडे ज्याला कॅरेक्टर आर्टिस्ट म्हणतात, म्हणजे पोस्टरवर चेहरा नाही पण सीनमध्ये नसला तर हिरो कोणाशी बोलणार. ते अर्धं पाऊल त्याने तीस वर्षं कसून घोटलं होतं हो! ऑफिसात नाही तर स्टेजवर. मग फेब्रुवारी १९८० मध्ये 'येस मिनिस्टर' सुरू झालं तेव्हा तो पन्नाशीत होता आणि त्याच्या वाट्याला रोल कसला आला, तर आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे उभं राहून सगळं चालवणाऱ्या माणसाचा. ज्याने कुणी हे कास्टिंग केलं त्याच्या पाया पडायला पाहिजे.

ती मालिका लिहिणारे अँटनी जे आणि जोनाथन लिन, सगळी मिळून ३८ भागांची, आधी मिनिस्टर आणि मग प्राइम मिनिस्टर. स्टुडिओत खरे प्रेक्षक बसवून शूट व्हायचं, त्यामुळे ती वाक्यं पाठच करायला लागायची. आमच्याकडे आता लोक पॅराग्राफभर डायलॉग असेल तर तोंड वाकडं करतात, पंच इन करू म्हणतात, म्हणजे तुकड्या तुकड्यात जोडून घेऊ. असो, माझं रडगाणं नको.

या मालिकेतली मला टोचणारी गोष्ट बक्षिसांची आहे. हम्फ्रीच्या रोलसाठी हॉथॉर्नला चार वेळा बाफ्टा, म्हणजे तिकडचं सिनेमा-टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं. आणि चारही वेळा त्याच यादीत पॉल एडिंग्टनचं नाव होतं, जो मंत्री जिम हॅकर व्हायचा, आणि त्याला एकदाही मिळालं नाही. मला वाटतं एडिंग्टनचं काम जास्त अवघड होतं. गोंधळलेला, घाबरलेला, मध्येच चर्चिल अंगात आलेला मंत्री त्याने असा उभा केला की हम्फ्रीला गुंडाळायला काहीतरी मिळालं. टेबल टेनिसला समोर भिंत असून चालत नाही. बाबांना हे पटत नाही. बाबा म्हणतात, मंत्री काय, कोणीही होतो.

मार्गारेट थॅचर तर या मालिकेवर फिदा. १९८४ मध्ये एका बक्षीस समारंभात तिने या दोघांना घेऊन स्वतः एक प्रवेश सादर केला होता, त्यात पंतप्रधान बाई सर हम्फ्रीला सांगतात की अर्थतज्ज्ञ नावाची जमातच रद्द करून टाका. चालू पंतप्रधान स्वतःवरच्या विनोदी मालिकेत घुसते म्हणजे कमाल आहे, पण त्या दोघांच्या जागी मी स्वतःला ठेवून बघतो तेव्हा घाम फुटतो. नाही कसं म्हणणार? हम्फ्रीला जमलं असतं, नटाला कसं जमेल.

आपल्याकडे याचं हिंदीत 'जी मंत्रीजी' आलं, २००१ मध्ये, फारूख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सेक्रेटरी. वाईट नव्हतं. फारूख शेख काहीही करू दे, बघावासा वाटतोच. पण हिंदीत ते सगळं थोडं जास्त गोड झालं असं मला वाटतं, त्या इंग्रजीत जी कोरडी थंडी होती ती आली नाही. आणि त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी हॉथॉर्न गेला, ७२ वर्षांचा होऊन.

आता बाबांचं सांगतो, कारण त्याशिवाय आमच्या घरात या माणसाचं एवढं काय ते कळणार नाही. बाबा स्वतः कॅरेक्टर आर्टिस्ट. म्हणजे ऑफिसच्या नाटकांमधले. आंतरकार्यालयीन नाट्यस्पर्धा असायच्या, पाच वाजता ऑफिस सुटलं की टेबलं बाजूला सारून तालमी, घरी यायला दहा, आई धुमसत असायची. आणि बाबांना दर वर्षी एकच रोल. इन्स्पेक्टर. तिसऱ्या अंकात एंट्री, "कोणीही जागेवरून हलू नका," मग दोन प्रश्न, मग हिरो खरा खुनी कोण ते सांगतो आणि बाबा त्याला घेऊन जातात. एका वर्षी बदल म्हणून डॉक्टर दिला होता, "आय ॲम सॉरी" म्हणायचं आणि चष्मा काढायचा, बस.

एकदा प्रभादेवीला रवींद्रला प्रयोग होता, मी नऊ दहा वर्षांचा, विंगेत उभा राहून बघत होतो. इन्स्पेक्टरची टोपी खालच्या मजल्यावरच्या खऱ्या हवालदार काकांकडून मागून आणलेली, ती बाबांना मोठी. एंट्रीला टोपी डोळ्यांवर आली. प्रेक्षकांत कोणीतरी फिसकन हसलं. बाबांनी काय केलं, टोपी सरळ केली नाही, काढली, काखेत मारली, आणि हिरोच्या मागे जाऊन उभे राहिले, अर्धं पाऊल, आणि तिथून नुसतं त्याच्या मानेकडे बघत राहिले. हॉल गप्प. परीक्षकांनी बक्षीस अर्थातच हिरोला दिलं. बाबांनी घरी आल्यावर भात कालवताना एवढंच विचारलं, "मानेकडे बघत होतो ते दिसलं का रे विंगेतून?"

तर 'गांधी' सिनेमा एकदा टीव्हीवर लागला होता. आम्ही सगळे डॉ. श्रीराम लागूंसाठी बसलेलो, ते त्यात गोखले आहेत, आणि रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा. सिनेमा चाललाय आणि मध्येच बाबा ओरडले, "हा आपला हम्फ्री!" खरंच होता. किनॉक नावाच्या गोऱ्या साहेबाच्या छोट्या रोलमध्ये. रिचर्ड ॲटनबरोचाच सिनेमा, ज्याने दहा वर्षांपूर्वी 'यंग विन्स्टन'मध्ये त्याला पहारेकरी केलं होतं. म्हणजे मालिका तुफान चालू असतानासुद्धा सिनेमावाल्यांच्या हिशोबात हा अजून छोट्या रोलचाच माणूस. लागूंचंही बघा, नाक-कान-घशाचे सर्जन, तेही काही काळ आफ्रिकेत डॉक्टरकी करून आलेले, आणि चाळिशी उलटल्यावर १९६९ मध्ये सगळं सोडून पूर्णवेळ नट झाले. पण लागूंना पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' मिळालं. हॉथॉर्नचा राजा यायला त्याचं वय ६२ व्हावं लागलं.

१९९१ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरला ॲलन बेनेटचं नाटक आलं, राजा तिसरा जॉर्ज वेडा होतो त्याच्यावर, आणि राजा म्हणून हॉथॉर्न. त्याच वर्षी न्यूयॉर्कला वेगळ्याच नाटकासाठी, 'शॅडोलँड्स'साठी, टोनी घेतलेलं, म्हणजे तिकडचं नाटकाचं मोठं बक्षीस. मग १९९३ मध्ये स्टॅलोनबरोबर एक मारधाडीचा सिनेमा (तो बघू नका) आणि १९९४ मध्ये त्या नाटकावरचा सिनेमा, 'द मॅडनेस ऑफ किंग जॉर्ज'.

हा मात्र बघा. राजाला काहीतरी झालंय, लघवी निळी येतेय, तोंडाचा पट्टा थांबत नाही, आणि मोठे मोठे डॉक्टर जमलेत, एक नाडीवाला, एक शौचाची परीक्षा करणारा, एक फोड आणून आतलं विष काढू बघणारा, आणि कोणाचं कोणाशी पटत नाही. बाबा म्हणाले, "ही पण फाईलच झाली. जो तो आपला शेरा मारतोय आणि पुढच्या टेबलावर ढकलतोय." मग एक खेड्यातला डॉक्टर येतो, राजाच्या डोळ्यात डोळे घालून बघतो, जे आजवर कोणी केलेलं नाही, आणि राजा ऐकत नाही म्हटल्यावर त्याला खुर्चीला पट्ट्यांनी बांधतात. मागे राज्याभिषेकाचं संगीत वाजत चढत जातं आणि हा बांधला जातोय, म्हणतोय मी इंग्लंडचा राजा आहे, आणि डॉक्टर म्हणतो नाही, तुम्ही पेशंट आहात. मी तो सीन आवाज बंद करून पण बघितलाय. मनगटं बघा त्याची. पट्टा आवळायच्या आधी क्षणभर तो हात पुढे करतो की काय असं वाटतं, सवयीने, राजाचा हात कोणीतरी चुंबायला घेणार आहे म्हणून. कदाचित मलाच तसं दिसत असेल, मी खूप वेळा बघितलाय.

त्यासाठी ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं. बक्षीस टॉम हँक्सला गेलं, ते एक असो. पण त्याच्याआधी पेपरवाल्यांनी त्याच्या खाजगी आयुष्याच्या हेडलाइन केल्या, की हा गे आहे आणि ट्रेव्हर बेंथम नावाच्या जोडीदाराबरोबर राहतो. त्याने ते कधी लपवलंही नव्हतं आणि मिरवलंही नव्हतं, तो स्वभावच नव्हता. तरी तो ट्रेव्हरला घेऊनच ऑस्करला गेला. मी हे घरी सांगितलं तेव्हा जरा चाचरतच सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. "इतकी वर्षं एकत्र होते ना दोघं? मग बरं झालं, सोबत कोणीतरी होतं," म्हणाली आणि मला तवा बघायला सांगितलं.

त्या सिनेमात एक सीन आहे, राजा बरा होत आलाय आणि बागेत बसून शेक्सपिअरचं 'किंग लिअर' वाचतो. आणि १९९९ मध्ये, सत्तराव्या वर्षी, हॉथॉर्न खराखुरा लिअर झाला, निनागावा या जपानी दिग्दर्शकाकडे. समीक्षकांनी फाडून खाल्लं. राजा ओरडत नाही, पुरेसा भव्य नाही वगैरे. मी तो प्रयोग बघितलेला नाही त्यामुळे भांडायला जागा नाही मला, पण आयुष्यभर आवाज खाली ठेवून जिंकलेल्या माणसाने लिअरच्या वादळाच्या प्रवेशात सुद्धा आवाज खालीच ठेवला असेल तर मला नवल वाटणार नाही. त्याच वर्षी तो सर झाला. खराखुरा सर नायजेल.

रविवारी मुलुंडला बाबांकडे गेलो होतो. स्टुडिओत केलेला तो मराठी ट्रॅक ऐकवला, आमच्या पोराने बाबांचं वाक्य हम्फ्रीच्या तोंडात अगदी फिट बसवलंय, फक्त 'किंवा कसे'ला ओठ जरा पुढे मागे होतात. बाबांनी दोनदा ऐकलं, म्हणाले "आदेशार्थच्या आधी थोडं थांबायला हवं होतं त्याने," आणि मग मूळ एपिसोडच लाव म्हणाले. लावला. हम्फ्री क्लबात बसलाय, समोर दुसरा एक साहेब, दोघं मिळून मंत्र्याचं काय करायचं ते ठरवतायत, आणि मी हसतोय.

"थांबव," बाबा म्हणाले. "जरा मागे घे."

मागे घेतलं.

"हा कोण?"

"कोण बाबा?"

"अरे तो, ग्लास भरून गेला तो."

मागून एक वेटर येतो, ओततो आणि जातो. चार सेकंद असेल नसेल. बाबा खुर्चीतून पुढे वाकून बघत होते, चष्मा कपाळावर.

"बाटली बघ कशी धरलीये. लेबल साहेबाकडे. आणि ओतताना याच्या कानावर सगळं पडतंय, पण चेहरा बघ." मग म्हणाले, "शेवटी नावं येतात ना, त्यात याचं येतं का बघ."

शेवटपर्यंत पळवलं. नाही आलं.

"परत मागे घे," बाबा म्हणाले, आणि आतून आईला हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा, एक माणूस दाखवतो."